जँगो, लारावेल की नेक्स्ट? एका वाचनालयाच्या कामातून फ्रेमवर्क निवडण्याची पद्धत

तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय. ३२,००० च्या आसपास पुस्तकं, १,४०० सभासद, एक ग्रंथपाल आणि दोन सहायक. त्यांना देवघेव संगणकावर आणायची होती, आणि हवं ते पुस्तक कपाटात आहे की बाहेर गेलंय हे सभासदांना घरबसल्या मोबाइलवर दिसावं अशी इच्छा होती. पहिल्याच बैठकीत कार्यकारी मंडळातल्या एका तरुण सदस्याने विचारलं, "सर, रिॲक्टमध्ये करणार ना?" मी म्हटलं, तीन आठवडे द्या, मग सांगतो. रिॲक्ट हे वेब ॲपचा पडदा बनवायचं साधन. कुठलं फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲपचा तयार सांगाडा, घ्यायचं हे ठरवायला त्या तीन आठवड्यांत काय काय केलं ते इथे लिहितो आहे. काम तुमचं शाळेचं असो, पतसंस्थेचं किंवा आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरचं, क्रम हाच धरता येईल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वेग, नोकरीच्या बाजारातली मागणी, कोण कुठे काय वापरतंय या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते: दोन-तीन वर्षांनी, तुम्ही तिथे नसताना, या कोडला हात कोण लावणार? त्या माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणून निवड करा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाला धरून आहेत.

लिहायलाच हवं का, ते आधी बघा

फ्रेमवर्कची तुलना सुरू करण्याआधी तयार सॉफ्टवेअर लावून पाहा. ग्रंथालयांसाठी 'कोहा' आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी ते तयार झालं, २००० सालापासून वापरात आहे आणि मुक्तस्रोत आहे. आपल्याकडे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचं 'ई-ग्रंथालय' आहे. मोठ्या महाविद्यालयाचं ग्रंथालय असतं तर मी कोहा सुचवून मोकळा झालो असतो. आम्ही ते एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून लावलं आणि आठवडाभर चालवून पाहिलं. देवघेव उत्तम चालली. अडलं ते बाकीच्या गोष्टींवर: अभ्यासिकेच्या खुर्च्यांचं मासिक शुल्क, वर्गणीच्या पावत्या, अनामत परत करण्याची नोंद, व्याख्यानमालेच्या देणग्या. हा सगळा हिशेब त्यांना एकाच जागी हवा होता. शिवाय एका ओळीच्या दाखल नोंदवहीची सवय असलेल्या सहायकांना मार्क या आंतरराष्ट्रीय ग्रंथनोंद पद्धतीचे तालिकेचे रकाने फार जड जात होते.

तुमचं काम माहितीपर संकेतस्थळाचं किंवा साध्या दुकानाचं असेल, तर वर्डप्रेसवर दोन दिवस घालवा आणि काय उरतं ते बघा. काहीच उरत नसेल तर हा लेख इथेच मिटलात तरी चालेल.

काउंटरवर जाऊन बसा

मी दोन संध्याकाळी देवघेव काउंटरच्या आत स्टूल टाकून बसलो. ग्रंथपाल ताई म्हणाल्या, "दादा, सोमवारी या. बाजाराचा दिवस असतो, आजूबाजूच्या गावचे सभासद तेव्हाच येतात." सोमवारी साडेपाच ते सात एवढ्या वेळात रांग दारापर्यंत गेली. सभासद क्रमांक विचारायचा, पुस्तकाच्या खिशातलं कार्ड काढायचं, ते सभासदाच्या खिशात घालून तारखेच्या खणात ठेवायचं, पुस्तकावर परतीच्या तारखेचा शिक्का मारायचा. सराईत हाताला हे सगळं अर्ध्या मिनिटाच्या आत होतं.

यातून जी यादी निघाली ती कुठल्याही सविस्तर आराखड्यापेक्षा उपयोगी पडली. एकूण ११ स्क्रीन. त्यातल्या ९ म्हणजे साधे फॉर्म आणि तक्ते. वापरणारी माणसं ३, तीही एकाच इमारतीत. सभासदांसाठी फक्त शोध आणि 'माझी पुस्तकं', म्हणजे बहुतेक वाचणंच, लिहिणं जवळजवळ नाही. अर्धा तास इंटरनेट गेलं तर कागदावर लिहून नंतर भरता येईल. मात्र काउंटरवरची स्क्रीन हळू चालली तर सोमवारची रांग रस्त्यावर येईल.

तुम्हीही हेच लिहा: किती स्क्रीन, त्यातले फॉर्म किती, वापरणारे किती आणि बंद पडलं तर काय होतं. ही यादी पानभराची झाली तरी पुरे.

कामाची जात आणि फ्रेमवर्कची जात

कुठलं फ्रेमवर्क कुठल्या कामातून जन्मलं हे बघितलं की त्याचा स्वभाव कळतो. पायथन भाषेतलं जँगो २००५ मध्ये लोकांसमोर आलं, ते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' या वृत्तपत्राच्या वेब विभागातून. बातमीदारांना रोज मजकूर भरायचा असे आणि वेळ थोडा असे. म्हणून त्यात व्यवस्थापनाचा आयता भाग आहे: तक्त्यांची रचना सांगितली की नोंदी भरायचे, शोधायचे, दुरुस्त करायचे फॉर्म आपोआप उभे राहतात. रुबी भाषेतलं रेल्स २००४ चं, बेसकॅम्प या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सेवेतून वेगळं काढलेलं. लारावेल २०११ मध्ये टेलर ऑटवेल यांनी पीएचपीसाठी आणलं. लॉगिन, ईमेल, रांगेत टाकायची कामं, डेटाबेसचे बदल, सगळं एका शैलीत. ही तिन्ही एकाच कुळातली: फॉर्म, नोंदी, हिशेब.

रिॲक्ट २०१३ मध्ये फेसबुकने खुलं केलं. तिथला प्रश्न वेगळा होता. एकाच पानावर गप्पांची खिडकी, सूचनांचा आकडा आणि बातम्यांचा प्रवाह सतत बदलत राहतात, आणि ते सगळं एकमेकांशी जुळलेलं दिसावं लागतं. रिॲक्ट स्वतः पडदा रंगवण्यापुरतं आहे. सर्व्हर, लॉगिन, डेटाबेस तुम्ही जोडायचं. त्यातली सर्व्हरची उणीव भरायला २०१६ मध्ये नेक्स्ट आलं. व्ह्यू आणि स्वेल्ट हीसुद्धा पडद्याच्या बाजूचीच.

आमच्या ११ पैकी ९ स्क्रीन फॉर्मच्या, म्हणजे पहिलं कुळ. तुमच्या कामात नकाशावर हलणाऱ्या गाड्या असतील, एकाच कागदावर चार जण एकदम लिहिणार असतील, तर दुसऱ्या कुळाकडे जा. नुसते लेख आणि फोटो असतील तर स्थिर पानं तयार करणारं साधन पुरतं. लहानशा एपीआयसाठी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला नुसती माहिती पुरवणाऱ्या सेवेसाठी, फ्लास्क, फास्टएपीआय किंवा एक्सप्रेस चालतं. पण लॉगिन आणि परवानग्या लागणार असतील तर त्या एकेक करून स्वतः जोडाव्या लागतात, आणि ते काम नेहमी वाटतं त्याच्या दुप्पट निघतं.

तरुण सदस्याची इच्छा होती म्हणून नेक्स्टही यादीत ठेवलं. त्यामुळे पुढच्या पायरीवर तिघं गेले: जँगो, लारावेल, नेक्स्ट.

आधार किती वर्षांचा

इथे मला एक जुनी ठेच आठवते. एका संस्थेच्या प्रवेश अर्जांचं काम मी अँग्युलरजेएसमध्ये केलं होतं. ते फ्रेमवर्क २०१० चं, गूगलचं, त्या काळी सगळीकडे तेच. २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते मुळापासून नव्याने लिहिलेलं. जुनं कोड त्यात सरळ नेता येत नव्हतं. जुन्याचा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला. संस्थेकडे पुन्हा लिहून घ्यायला पैसे नव्हते आणि मला फुकट करायला वेळ नव्हता. ते अर्ज पुढच्या वर्षी परत कागदावर गेले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून प्रत्येक उमेदवाराचं आधाराचं वेळापत्रक उघडून बघा. जँगोची दर दोन वर्षांनी एक दीर्घकालीन आवृत्ती निघते आणि तिला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२५ ची ५.२ ही तशी आवृत्ती, तिचा आधार एप्रिल २०२८ पर्यंत. लारावेलची नवी मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते. चुका दीड वर्ष दुरुस्त होतात आणि सुरक्षा दोन वर्षं. म्हणजे लारावेल घेतलं तर दोन वर्षांच्या आत एकदा आवृत्ती बदलण्याचं काम येणारच. ते देखभालीच्या करारात आधीच लिहा, त्याचे दिवस धरा.

सोबत हेही बघा की सुरक्षा सूचना वाचणार कोण. मार्च २०२५ मध्ये नेक्स्टच्या मिडलवेअरमधली, म्हणजे विनंती पानापर्यंत पोचण्याआधी ती तपासणाऱ्या कोडमधली, एक त्रुटी उघड झाली. विनंतीत विशिष्ट हेडर घातलं की मिडलवेअरमधली लॉगिनची तपासणीच वगळली जात होती. दुरुस्ती लगेच आली, पण ती लावायला कुणीतरी जागं असावं लागतं. हे कुठल्याही फ्रेमवर्कला लागू आहे. फरक पडतो तो बाहेरून घेतलेल्या पॅकेजांच्या, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या तुकड्यांच्या, संख्येने. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या साठ्यावरून काढून घेतलं आणि जगभरातल्या प्रकल्पांची बांधणी अडली. नव्या, रिकाम्या प्रकल्पात प्रत्येक फ्रेमवर्क किती पॅकेजं खाली उतरवतं ते एकदा मोजाच.

मराठीची परीक्षा

ही पायरी परदेशी तुलनांमध्ये तुम्हाला सापडणार नाही, आणि आपल्या कामात सगळ्यात जास्त रडवते तीच. एक दिवस राखून ठेवा.

पहिली चाचणी पत्त्यांची. पुस्तकाच्या नावावरून पानाचा पत्ता बनवायला प्रत्येक फ्रेमवर्कमध्ये तयार फंक्शन असतं. जँगोच्या स्लगिफाय या फंक्शनला 'वाचनालय' दिलं तर एरवी रिकामी ओळ मिळते. युनिकोड चालू दे असं सांगितलं तर मिळतं 'वचनलय'. काना, मात्रा, वेलांट्या सगळं गळून जातं. कारण पायथनच्या पॅटर्न-जुळणीत शब्दातलं अक्षर म्हणजे वर्ण किंवा अंक. आपली स्वरचिन्हं युनिकोडमध्ये वेगळ्या गटात मोडतात. रेल्सचं तसंच फंक्शन देवनागरीला रिकामं करून टाकतं. लारावेल रोमन अक्षरांत उतरवतं, पण त्यातला उच्चार ओळखीचा राहीलच असं नाही. आम्ही पत्त्यात फक्त दाखल क्रमांक ठेवला आणि प्रश्न मिटवला. लारावेलच्या फॉर्म-तपासणीतला 'फक्त अक्षरं' हा नियम मात्र मात्रांसकट देवनागरी स्वीकारतो, ते बघून बरं वाटलं.

दुसरी चाचणी लांबीची. 'वाचनालय' वाचणाऱ्याला ५ अक्षरं, युनिकोडला ७ आणि बाइट मोजणाऱ्या फंक्शनला २१. लांब नाव कापून तीन टिंबं देणारं फंक्शन नेमकं काय मोजतं ते तपासा, नाहीतर यादीत अर्धवट अक्षरं आणि चौकोन दिसतील.

तिसरी चाचणी क्रमाची. सभासदांची यादी नावाने लावली की 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतात आणि 'क्षीरसागर' क च्या घोळक्यात जाऊन बसतात. युनिकोडमध्ये ळ चं स्थान ल च्या लगेच नंतर आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर, आणि त्यानंतर क्ष, ज्ञ. ग्रंथपाल ताईंनी पहिल्याच छापील यादीत हे पकडलं. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आयसीयू या भाषांचे नियम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाचा मराठी क्रम निवडता येतो आणि जँगोत तो रकान्यालाच जोडता येतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसवर आम्हाला तसा मराठी क्रम मिळाला नाही. तिथे पीएचपीच्या इंटल विस्तारातल्या कोलेटर या क्रम लावणाऱ्या साधनाकडून प्रत्येक नावाची क्रम-कळ काढली, ती वेगळ्या रकान्यात साठवली आणि यादी त्या रकान्यावर लावली. नाव बदललं की कळही बदलते, एवढं सांभाळायचं.

चौथी, आणि सगळ्यात अवघड, शोधाची. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकलेला सापडतो: एकात मूळचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला निराळे. तसंच 'ॲड.' आणि 'अॅड.': एकात ॲ हे एकच चिन्ह, दुसऱ्यात अ वर चंद्र. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवलं तरी या जोड्या एक होत नाहीत. म्हणून एक छोटं फंक्शन लिहा, जे साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, मजकूर एकाच रूपात आणेल. हे तिन्ही फ्रेमवर्कमध्ये सारख्याच कष्टाने जमतं. फरक एवढाच की जँगो आणि लारावेलमध्ये ते मॉडेलमध्ये एका जागी बसलं. नेक्स्टमध्ये ते कुठे ठेवायचं हे आम्हीच ठरवायचं होतं, आणि पहिल्या प्रयत्नात ते दोन ठिकाणी लिहिलं गेलं.

जाता जाता: जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतील तर त्यांचं रूपांतर आणि तपासणी हा वेगळा प्रकल्प समजा. त्यात कुठलंही फ्रेमवर्क मदतीला येत नाही.

सगळ्यात अवघड स्क्रीन, दोन-दोन दिवस

तुलनेचे लेख वाचून जे कळत नाही ते इथे कळतं. नोंदणीचा फॉर्म बनवून बघू नका, तो सगळीकडे सोपाच असतो. आमची अवघड स्क्रीन देवघेवीची: सभासद क्रमांक टाका, दाखल क्रमांक टाका, थकबाकी आणि पुस्तकांची मर्यादा तपासा, नोंद करा, लगेच पुढच्यासाठी तयार. आणि एक अट: एक पुस्तक एका वेळी एकाच सभासदाच्या नावावर. दोन काउंटरवरून एकाच क्षणी बटण दाबलं तरी ही अट मोडता कामा नये.

ही अट कोडमधल्या तपासणीवर सोडू नका, डेटाबेसवर सोपवा. पोस्टग्रेसमध्ये 'परत न आलेल्या नोंदींपुरता दाखल क्रमांक एकमेव' असा नियम जँगोतून थेट लिहिता आला. मायएसक्यूएलमध्ये असा अर्धा नियम नाही. तिथे आम्ही खिशातल्या कार्डाची युक्ती उचलली: बाहेर असलेल्या पुस्तकांचा वेगळा तक्ता, त्यात दाखल क्रमांक हीच मुख्य कळ. पुस्तक परत आलं की ओळ तिथून निघून इतिहासाच्या तक्त्यात जाते. कार्ड एकच, त्यामुळे ते दोन खिशांत असूच शकत नाही. ही रचना मला आता पहिलीपेक्षा जास्त आवडते, कारण ती ताईंना समजावून सांगावीच लागली नाही.

चाचणीत घड्याळ लावा, आणि चाचणी काउंटरवरच्या त्याच जुन्या संगणकावर करा. जँगोत पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पुस्तकं, सभासद, वर्गणी यांचे फॉर्म उभे राहिले. व्यवस्थापनाच्या आयत्या भागाने तो दिवस वाचवला. लारावेलला दोन्ही दिवस पूर्ण लागले, फिलामेंट हे फॉर्म-तक्ते उभे करणारं पॅकेज घेतल्यावर फॉर्म झटपट झाले. नेक्स्टमध्ये स्क्रीन दिसायला सगळ्यात देखणी झाली. पण लॉगिन कुठलं, डेटाबेसशी बोलणारं साधन कुठलं, फॉर्मची तपासणी कशाने, हे ठरवण्यातच दीड दिवस गेला. तीन माणसांसाठी तो खर्च मला पटला नाही. टॅब दाबत पुढे जाता येणं, एंटर मारल्यावर कर्सर परत सभासद क्रमांकावर येणं, या गोष्टींना शेवटी तिन्हीकडे थोडंसंच जावास्क्रिप्ट पुरलं.

राहणार कुठे

पीएचपी जवळपास कुठल्याही साध्या, सामायिक होस्टिंगवर चालतं, आणि होस्टिंग सांभाळायचं सीपॅनेल वापरणारा माणूस तालुक्यातही मिळतो. जँगोसाठी बहुधा स्वतःचा छोटा सर्व्हर घ्यावा लागतो: एनजिनएक्स आणि गुनिकॉर्न हे सर्व्हरचे प्रोग्रॅम, लिनक्सचे अपडेट, प्रमाणपत्रांचं नूतनीकरण. हे अवघड नाही, पण ते कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असायला हवं. नेक्स्ट व्हर्सेल या होस्टिंग सेवेवर चुटकीसरशी चढतं. मात्र तिथली फुकटची योजना वैयक्तिक, बिगर-व्यावसायिक वापरासाठी आहे, हे वर्गणी घेणाऱ्या संस्थेने वाचून ठेवावं.

बॅकअप कुठे जाणार आणि तो परत उतरवून कुणी बघितला आहे, हे दोन प्रश्न होस्टिंगच्या किमतीआधी विचारा.

निर्णय एका पानावर

चाचणीत जँगो पुढे होतं. मनातूनही मला तेच हवं होतं. वाचनालयाशेजारी संगणक वर्ग चालवणारा एक तरुण मात्र गेली काही वर्षं पीएचपीत छोटी कामं करतो. संध्याकाळी तो वाचनालयातच बसलेला असतो आणि ताईंचा प्रिंटर अडला की धावून येतो. पायथनचा माणूस शोधायचा तर पुण्यात. आम्ही लारावेल घेतलं.

कारणं एका पानावर लिहून मंडळाच्या इतिवृत्ताला जोडली: काय हवं होतं, कुठले तीन पाहिले, का घेतलं, कशाची किंमत मोजतो आहोत. किमतीच्या रकान्यात दोन ओळी होत्या, दोन वर्षांत आवृत्ती बदलण्याचे दिवस आणि क्रम-कळीचा जादा रकाना. शेवटी लिहिलं की सभासदांना घरबसल्या पुस्तक राखून ठेवणं, खुर्च्यांचा थेट नकाशा असं काही हवं झालं तर पडद्याच्या बाजूचा निर्णय पुन्हा उघडायचा. तुम्हीही असं पान लिहा. नंतर येणाऱ्या माणसाला तुमच्या मनातलं कळायला दुसरा मार्ग नसतो.

सोपवण्याआधीची शेवटची चाचणी

काम पूर्ण झालं असं वाटलं, तेव्हा त्या तरुणाला एक बदल सांगितला आणि मी मागे खुर्ची ओढून गप्प बसलो. स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांना अभ्यासिका शुल्कात सवलत द्यायची, तेवढा एक रकाना वाढवायचा. त्याने मायग्रेशन, म्हणजे तक्त्यातल्या बदलाची फाइल, लिहिलं, फॉर्ममध्ये खूण करायची चौकट घातली, बेरीज दुरुस्त केली. दीड तास लागला. ताईंनी पावती छापली, तर सवलतीची ओळच नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. मग त्याने पावतीच्या साच्याची ब्लेड फाइल शोधून काढली, ओळ घातली, पुन्हा छापली. ताईंनी चष्मा लावून आकडा ताडून बघितला आणि पावती फाइलला लावली.

त्या संध्याकाळी सर्व्हरचं खातं वाचनालयाच्या ईमेलवर बदललं आणि देखभाल त्याच्याकडे दिली.